पाणी गोठताना फुगतं म्हणजे नेमकं किती? एका स्ट्रॉने मोजा

फ्रीझरमध्ये काठोकाठ भरून ठेवलेली पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी बाहेर काढली की तिचा तळ फुगलेला असतो आणि ती टेबलावर नीट उभी राहत नाही. बाटली काचेची असेल तर तुकडेच गोळा करावे लागतात. आत कुणी काही घातलेलं नाही, वजन होतं तेवढंच आहे, तरी आतलं पाणी बाटलीत मावेनासं झालं. थंड झाल्यावर वस्तू आकुंचन पावतात, हे शाळेत घोकलेलं असतं, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढतो.

झालेलं असतं ते असं: पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान, म्हणजे त्याने व्यापलेली जागा, सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. १०० मिलिलिटर पाण्याचा साधारण १०९ मिलिलिटर बर्फ होतो. हा आकडा पाठ करण्यापेक्षा स्वतः मोजून बघावा. मोजताना जिथे जिथे चूक होते, तिथेच पाणी कसं गोठतं हे कळत जातं.

एक स्ट्रॉ, थोडी माती आणि फूटपट्टी

फुगलेली बाटली बघून पाणी प्रसरण पावतं एवढंच कळतं, किती ते कळत नाही. त्यासाठी बारीक, सरळ नळी हवी, म्हणजे वाढलेलं सगळं आकारमान उंचीत दिसेल. पारदर्शक प्लॅस्टिकची स्ट्रॉ यासाठी उत्तम. कागदी स्ट्रॉ पाणी शोषते, ती नको. शक्य तितकी जाड भिंतीची आणि सुमारे ६ मिलिमीटर व्यासाची घ्या. सोबत खेळायची मऊ माती (प्लॅस्टिसिन), बारीक टोकाचं न पुसणारं मार्कर, फूटपट्टी, बिनसुईची सिरिंज किंवा ड्रॉपर आणि एक बुटका प्लॅस्टिकचा ग्लास.

स्ट्रॉचं एक टोक मातीत दाबून आत सुमारे १ सेंटिमीटरचं बूच बसवा. बुचाचा वरचा काठ जिथे येतो तिथे मार्करने रेघ मारा. ही शून्याची रेघ. तिच्यापासून मोजून बरोबर १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ मारा. १० सेंटिमीटर घेण्याचं कारण साधं आहे: १०० मिलिमीटरचा स्तंभ असला की पाणी जितके मिलिमीटर वर चढेल तितके टक्के वाढ. वेगळा हिशोब करायलाच नको.

पाणी फ्रिजमध्ये तासभर थंड केलेलं घ्या. सिरिंजचं टोक स्ट्रॉत जाईल तितकं खाली नेऊन हळूहळू भरा, म्हणजे मध्ये हवेचा बुडबुडा अडकत नाही. अडकलाच तर स्ट्रॉवर बोटाने टिचक्या मारा, बुडबुडा वर येतो. पाण्याची पातळी कडेला किंचित चढलेली आणि मध्ये खोलगट दिसते. त्या खोलगट भागाचा तळ वरच्या रेघेला टेकला पाहिजे. मग स्ट्रॉ टिश्यू पेपरवर पाच मिनिटं उभी धरून ठेवा. कागद ओला झाला तर बूच गळतंय, ते पुन्हा बसवा.

ग्लासच्या तळाशी मातीचा पातळ थर दाबून स्ट्रॉ त्यात अगदी तळाला टेकेपर्यंत रोवा. स्ट्रॉच्या वरच्या अर्ध्या भागाला कागदाचे चार-पाच वेढे सैलसर गुंडाळा, पण वरचं टोक उघडं ठेवा. अशा तीन स्ट्रॉ तयार करा. चौथी तशीच भरून फ्रीझरबाहेर ठेवा. तिची पातळी उतरली तर गळती किंवा बाष्पीभवन होतंय, हे लगेच लक्षात येईल. घरच्या फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास, एवढं पाणी दोनेक तासांत गोठतं. तीन तास ठेवावं.

बाहेर काढल्यावर मिनिटभरात मोजा, कारण स्ट्रॉवर लगेच बाष्प जमून रेघा धूसर होतात. बर्फाचा माथा मध्ये उंचवटलेला असेल. उंचवट्याचं टोक आणि कडा यांच्या मधली उंची धरा.

किती यायला हवं, आणि तितकं का येत नाही

फ्रिजमधलं ४ अंशांचं पाणी घेतलं तर उणे १८ अंशांच्या बर्फापर्यंत एकूण वाढ सुमारे ८.८ टक्के, म्हणजे जवळजवळ ९ मिलिमीटर यायला हवी. ३० अंशांचं साधं पाणी घेतलं तर सुमारे ८.३ टक्केच येते, कारण ते पाणी आधी थंड होताना इतर द्रवांसारखंच थोडं आक्रसतं आणि मग गोठताना फुगतं. पाणी फ्रिजमधून घ्यायला सांगितलं ते म्हणूनच.

प्रत्यक्षात बऱ्याचदा ६ किंवा ७ मिलिमीटरच भरतात. त्यात चूक पाण्याची नसते. स्ट्रॉची भिंत आडवी ताणली जाते. ६ मिलिमीटरचा व्यास ६.१ झाला, म्हणजे फक्त एक दशांश मिलिमीटर वाढला, तरी नळीचं क्षेत्रफळ ३ टक्क्यांहून जास्त वाढतं आणि उंचीतले ३ मिलिमीटर तिथेच खर्ची पडतात. जाड स्ट्रॉ घेतली की आकडा ९ कडे सरकतो, हे दोन प्रकारच्या स्ट्रॉ शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं.

वर पातळी जेमतेम हलली आहे आणि खाली बूच बाहेर आलं आहे, असंही होतं. ही चूक सगळ्यांत बोधक. गोठण्याची सुरुवात वरच्या उघड्या टोकाकडून झाली, तिथे बर्फाचं झाकण बसलं, आणि नंतर खालचं पाणी गोठू लागल्यावर त्याने मातीला खाली ढकललं. कागद वरच्या भागाला गुंडाळायचा तो यासाठीच: वरचं टोक उशिरा गोठावं, बर्फ खालून वर चढत यावा. बूच सरकलं असेल तर खालची आणि वरची वाढ मिळवा. बेरीज पुन्हा ८-९ च्या घरात येईल.

पातळी अजिबात हललीच नसेल तर स्ट्रॉ तिरकी करून बघा. बारीक नळीतलं स्वच्छ पाणी शून्याच्या खाली जाऊनही कधी कधी द्रवच राहतं, कारण बर्फाचा पहिला कण तयार व्हायला काही तरी निमित्त लागतं. याला अतिशीतन म्हणतात. स्ट्रॉला एक टिचकी बसली की पाणी डोळ्यांदेखत गोठू शकतं. आणि १० मिलिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली तर आत बुडबुडा राहिला आहे किंवा माथ्यावरचं हिम बर्फात धरलं गेलं आहे.

वजनाचीही खात्री करून घ्या. झाकणाच्या डब्यात २०० ग्रॅम पाणी घेऊन गोठवा आणि बाहेरचं दव पुसून परत तोला. काटा तेवढंच दाखवेल. पदार्थ वाढला नाही, त्याने जागा जास्त घेतली.

मग ही जास्तीची जागा आहे कशाची?

रिकामेपणाची. त्या जागेत हवा नाही, वेगळं काही शिरलेलं नाही. रेणूंच्या मध्ये मोकळी जागा वाढली आहे.

पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन असतात. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण विद्युतभार असतो, हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. द्रव पाण्यात हे बंध सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या हिशोबात तुटतात आणि पुन्हा जुळतात. रेणू सतत जागा बदलत असतात, एकमेकांच्या मधल्या फटीत घुसतात.

दाटीने उभ्या असलेल्या गर्दीत माणसं खांद्याला खांदा लावून मावतात. त्याच माणसांनी हात लांब करून एकमेकांचे हात धरले आणि फेर धरला, तर माणसं तेवढीच असूनही मैदान पुरत नाही, आणि प्रत्येक फेराच्या मध्ये मोकळी जागा राहते. गोठताना पाण्याचे रेणू हेच करतात. प्रत्येक रेणू बरोबर चार शेजाऱ्यांशी, ठरावीक कोनांत आणि ठरावीक अंतरावर बांधला जातो. त्यातून सहा-सहा रेणूंची कडी बनतात आणि कड्यांच्या मध्ये पोकळी. हिमकण बहुधा सहा बाजूंचा दिसतो तो याच षट्कोनी रचनेमुळे.

बहुतेक पदार्थांत घनरूपातली मांडणी द्रवापेक्षा दाट असते. पेटवलेली जाड मेणबत्ती विझवून निवू द्या, वातीभोवती खळगा पडतो: मेण घट्ट होताना आक्रसलं. पाणी हा मात्र एकुलता अपवाद नव्हे. बिस्मथ, गॅलियम, सिलिकॉन हेसुद्धा गोठताना फुगतात.

४ अंशांची गोष्ट वेगळी

पाणी शून्य अंशाला अचानक फुगतं हे खरं, पण फुगण्याची तयारी त्याआधीच सुरू होते. ३० अंशांवरून थंड होत येणारं पाणी ४ अंशांपर्यंत आक्रसतं, आणि ४ वरून शून्याकडे जाताना पुन्हा अगदी थोडं प्रसरण पावतं. शालेय पुस्तकं याला पाण्याचं असंगत आचरण म्हणतात. दोन गोष्टींची ओढाताण इथे चालू असते. तापमान उतरलं की रेणूंची धावपळ मंदावते आणि ते जवळ येतात. पण धावपळ मंदावली की चार हातांची ती ऐसपैस मांडणीही जास्त वेळ टिकू लागते. ४ अंशांपर्यंत पहिली बाजू जिंकते, त्याखाली दुसरी. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथे रसायनशास्त्रज्ञ थॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ मध्ये हे साध्या उपकरणाने दाखवलं: उभ्या भांड्यातलं पाणी मध्यावर थंड करायचं, आणि वर-खाली दोन तापमापक लावून कुठलं पाणी तळाला बसतं ते बघायचं.

हा फरक इतका लहान आहे की स्ट्रॉत दिसणार नाही: ४ ते ० अंशांत वाढ एका टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढी, फार तर थोडी जास्त. पण तलाव वाचतो तो त्यामुळेच. थंडीत वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली जातं, खालचं वर येतं, असं करत सगळा तलाव ४ अंशांवर येतो. त्यानंतर आणखी गार झालेलं पाणी हलकं असल्याने वरच राहतं आणि वरच गोठतं. बर्फाचा थर मग पांघरुणासारखा काम करतो आणि खाली मासे जगतात. बर्फ पाण्यापेक्षा जड असता तर तो तळापासून साचत गेला असता.

समुद्राला मात्र हा ४ अंशांचा नियम लावू नये. नेहमीच्या खारटपणाचं समुद्राचं पाणी गोठेपर्यंत जड होतच राहतं, आणि ते उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं.

"बर्फात बुडबुडे असतात, म्हणून तो फुगतो ना?"

शंका रास्त आहे, कारण बर्फाच्या तुकड्याचा मधला भाग पांढरट दिसतो आणि तो पांढरेपणा हवेचाच असतो. पाण्यात विरघळलेली हवा बर्फाच्या रचनेत बसत नाही. कडेकडून गोठत येताना ती मध्ये रेटली जाते आणि तिथे बुडबुड्यांच्या रूपाने अडकते. पण हिशोब करा: खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात २० मिलिलिटरच्या आसपास हवा विरघळलेली असते, म्हणजे जेमतेम २ टक्के. सगळी बाहेर पडली तरी ९ टक्के होत नाहीत.

पडताळाही घेता येतो. पाणी पाच-दहा मिनिटं उकळून, झाकून, निववून दुसरी स्ट्रॉ भरा. बर्फ जास्त स्वच्छ दिसेल आणि वाढ जवळपास तितकीच असेल.

"नुसतं फुगलं तर बाटली का फुटावी?"

पाण्याला जागा दिली नाही तर काय होईल, हा या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न आहे. उत्तर असं की ते पूर्ण गोठतच नाही. दाब वाढवला की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, कारण दाबाखाली कमी जागेत मावणाऱ्या रूपाला, म्हणजे द्रवाला, झुकतं माप मिळतं. वातावरणाच्या दाबाएवढा दाब वाढवला तर गोठणबिंदू एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी उतरतो. म्हणून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये पाण्याला द्रव ठेवायचं तर भांड्याने सुमारे १,८०० वातावरणांचा दाब सोसायला हवा. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-अडीच वातावरणं असतो. सुमारे ११ किलोमीटर खोल असलेल्या महासागराच्या सर्वांत खोल गर्तेतसुद्धा तो ११०० च्या आसपासच आहे. एवढा दाब घरातलं कुठलंच भांडं सोसू शकत नाही. ते ताणलं जातं किंवा फुटतं, आणि जागा मिळताच पाणी गोठतं.

ब्रिटिश तोफखान्यातले मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी १७८४-८५ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्वेबेक इथे तोफेचे पोकळ लोखंडी गोळे पाण्याने भरून, तोंडाला बूच ठोकून, बाहेर थंडीत ठेवले. बूच शंभर मीटरपेक्षाही लांब उडालं आणि भोकातून बर्फाचा दांडा बाहेर आला. बूच जिथे घट्ट बसलं होतं तिथे लोखंडच तडकलं.

म्हणून एक ताकीद अगदी मनापासून: हा प्रयोग काचेच्या बाटलीत, धातूच्या बंद डब्यात किंवा सोड्यासारख्या वायू भरलेल्या पेयाच्या कॅनमध्ये करू नका. बंद बाटलीचं फुगणं बघायचंच असेल तर ५०० मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली काठोकाठ भरा, घट्ट झाकण लावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि रात्रभर ठेवा. आत सुमारे ४५ मिलिलिटर जास्तीचा बर्फ तयार होणार आहे. तो बहुधा तळ बाहेर ढकलून जागा करतो, कधी बाटलीला चीर पडते.

कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात नळ फुटतात त्याचं कारणही दाबच आहे, पण लोकांना वाटतं तसं नाही. पाइप बऱ्याचदा बर्फ झालेल्या जागी फुटत नाही. बर्फाचा गोळा पाइपात बूच होऊन बसतो, वाढत जातो, आणि त्या बुचाच्या व बंद नळाच्या मध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जातो. पाइप फुटतो तो त्या पाण्याच्या बाजूला. अशा ठिकाणी रात्री नळ थेंब थेंब चालू ठेवायला सांगतात, तो हा कोंडलेला दाब निघून जावा म्हणून.

खडक फोडणारं पाणी, आणि एक गैरसमज

खडकाच्या फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, फट रुंदावते. दिवसा वितळतं, रुंद फटीत आणखी पाणी शिरतं. रात्री पुन्हा गोठतं. इथे नुसत्या कडाक्यापेक्षा शून्याच्या वर-खाली होणारी ये-जा जास्त नुकसान करते. थंड प्रदेशातल्या काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे, साधारण आकारमानाच्या ५ ते ६ टक्के, सोडलेले असतात, कारण गोठणाऱ्या पाण्याला सरकायला जागा लागते.

पण थंडीत जमीन वर उचलली जाते आणि रस्ते उखडतात ते सगळं या ९ टक्क्यांमुळे, असं समजणं चूक आहे. अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून ती गोठवली. बेंझीन गोठताना आक्रसतं. तरी माती वर उचलली गेली. खरं कारण असं की गोठणारा थर खालच्या मातीतून आणखी द्रव वर ओढून घेतो आणि बर्फाचे जाड पापुद्रे वाढत जातात. ९ टक्क्यांच्या प्रसरणाने जमीन जितकी उचलेल, त्याहून कितीतरी जास्त ती अशी उचलली जाते.

तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी वाढते का?

पारदर्शक ग्लासात बर्फाचे तुकडे घाला आणि पाणी काठोकाठ भरा, बर्फ काठाच्या वर डोकावेल असं. वितळल्यावर पाणी सांडेल, असं बहुतेकांना वाटतं. सांडत नाही. बर्फाच्या प्रत्येक घनसेंटिमीटरचं वजन ०.९२ ग्रॅम, म्हणून तो तरंगताना ०.९२ घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारतो. आणि वितळल्यावर त्याचं पाणी होतं तेही तेवढंच. पाण्यावर डोकावणारा भाग म्हणजे गोठताना मिळालेली ती जास्तीची जागा, वितळताना ती परत केली जाते.

समुद्राच्या पातळीबद्दलच्या चर्चेत हा फरक वारंवार निसटतो. आधीच समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही (समुद्राचं पाणी खारं, म्हणून जड असल्यामुळे अगदी किंचित वाढते). ग्रीनलंड किंवा अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात आला की मात्र पातळी वाढते. ग्लासावर रुंद जाळी ठेवून तिच्यावर बर्फ ठेवा, ग्लास आधीच काठोकाठ भरलेला असू द्या, आणि वितळू द्या. पाणी सांडतं.

बाटलीत किती जागा सोडायची

हिशोबाने एक लिटर पाण्याला ९० मिलिलिटर पुरेत, पण १२० मिलिलिटर सोडावेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती जागा कुठे आहे. अरुंद मानेच्या बाटलीत मानेतलं थोडंसं पाणी आधी गोठलं की तिथे बूच बसतं आणि वरची रिकामी जागा निरुपयोगी ठरते. पाण्याची पातळी मानेच्या खाली, खांद्याच्याही खाली असावी. आडवी बाटली पूर्ण गोठवायची असेल तर वरच्या अंगाला लांबलचक रिकामी पट्टी राहील एवढं कमी पाणी भरा. सरळ भिंतीचा किंवा वर रुंद होत जाणारा डबा सर्वांत सुरक्षित, कारण बर्फाला वर सरकायला कुठेच अडथळा नसतो. झाकण पहिल्या रात्री नुसतं टेकवून ठेवा आणि पाणी पूर्ण गोठल्यावर घट्ट लावा. घाई करू नका: ३० अंशांचं पाणी शून्यापर्यंत आणायला प्रत्येक ग्रॅममागे सुमारे १२५ ज्यूल उष्णता काढावी लागते, पण शून्याच्या पाण्याचा शून्याचाच बर्फ व्हायला ३३४. फ्रीझरमध्ये बराच वेळ जातो तो या दुसऱ्या टप्प्यात. बर्फ वरून पांढरा दिसला तरी मध्ये पाणी शिल्लक असू शकतं. डबा हलवून आत डुचमळण्याचा आवाज येतो का ते ऐका, मगच झाकण फिरवा.